जुन्या मोबाइलच्या रिंगटोन आजच्या फोनवर आणताना

जुन्या मेमरी कार्डावर किंवा कधीकाळी काढलेल्या बॅकअपमध्ये .एएमआर, .एमएमएफ, .आयएमवाय, .मिड, .क्यूसीपी अशी एक्स्टेन्शनं असलेल्या फाइली हमखास सापडतात. आजच्या फोनवर टाकल्या की त्यातल्या काही वाजतच नाहीत आणि काही वाजल्या तरी ओळखू येत नाहीत. मिळेल त्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकून एमपी३ करून घ्यावं असं पटकन वाटतं, पण फसगत होते ती तिथेच. या सगळ्या फाइली एका जातीच्या नाहीत.

काही फाइलींमध्ये खरा आवाज साठवलेला असतो, अगदी कमी जागेत दाबून बसवलेला. काहींमध्ये आवाज नसतोच. कोणता सूर, किती वेळ आणि कोणत्या वाद्यावर वाजवायचा एवढीच यादी असते. पहिली फाइल म्हणजे ध्वनिमुद्रण, दुसरी म्हणजे स्वरलिपी. ध्वनिमुद्रणाचं रूपांतर म्हणजे एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतणं. स्वरलिपी मात्र कुणीतरी वाजवावी लागते, आणि तीच लिपी पेटीवर वाजवली तर एक ऐकू येतं, सनईवर वाजवली तर दुसरंच. जुन्या फोनमध्ये हे वाजवण्याचं काम फोनमधली चिप करायची. आता ती चिप नाही, तेव्हा तिच्या जागी कोण वाजवणार हे आपल्याला ठरवावं लागतं. पुढची सगळी कृती या एका फरकावर बेतलेली आहे.

फाइली फोनमधून बाहेर काढणं

कार्ड असलेला फोन असेल तर काम सोपं. कार्ड रीडरमध्ये घालायचं, सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवायचं आणि त्या प्रतीला पुन्हा हात लावायचा नाही. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करा. नोकिया ६६०० सारख्या फोनमध्ये एमएमसी कार्ड असायचं. ते आकाराने एसडीसारखं दिसतं आणि बऱ्याच एसडी रीडरमध्ये चालतं, पण सगळ्या नाही. रीडरने ओळखलं नाही म्हणून कार्ड मेलं असं लगेच समजू नका, दुसरा रीडर लावून बघा.

कार्ड नसेल पण ब्लूटूथ असेल तर टोन एकेक करून पाठवता येतात. नोकिया पीसी सूटने घेतलेला जुना बॅकअप .एनबीयू या एकाच फाइलीत असतो. तो उघडायला 'एनबीयू एक्सप्लोरर' नावाचं मोफत साधन आहे. त्यात संपर्क, मेसेज आणि फाइली वेगवेगळ्या दिसतात आणि हव्या तेवढ्या बाहेर काढता येतात.

फोन चालूच होत नसेल तर आधी बॅटरी बदलून बघा. नोकियाच्या कितीतरी मॉडेलांत, ११०० आणि ६६०० धरून, बीएल-५सी हीच ३.७ व्होल्टची बॅटरी बसते आणि ती अजून दुकानात मिळते. जुनी बॅटरी फुगलेली असेल, टेबलावर ठेवल्यावर भोवऱ्यासारखी फिरत असेल, तर ती चार्जिंगला मुळीच लावू नका.

११०० सारख्या फोनला ब्लूटूथ नाही, कार्ड नाही. त्यातला टोन फाइल म्हणून बाहेर येत नाही. तो वाजवून मायक्रोफोनने घ्यायचा, किंवा 'कंपोझर'मध्ये स्वतः बसवलेला असेल तर पडद्यावरचे सूर वहीत उतरवून घ्यायचे. यांतला दुसरा मार्ग उत्तम. का, ते पुढे आरटीटीटीएलच्या, म्हणजे अक्षरांत लिहिलेल्या सुरांच्या, भागात येईल.

दोन गोष्टी या कृतीने मिळणार नाहीत. कॉलर ट्यून कधीच तुमच्या फोनमध्ये नव्हती, ती कंपनीच्या सर्व्हरवरून समोरच्याला ऐकू जायची. आणि .डीएम किंवा .डीसीएफ असलेल्या विकतच्या फाइलींना कॉपी-संरक्षण लावलेलं असतं. अशी कुलपं फोडण्याविरुद्ध आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं आहे. त्या फाइली बाजूला ठेवा.

नावावर जाऊ नका, सुरुवातीची अक्षरं बघा

जुन्या काळात टोन या फोनवरून त्या फोनवर फिरताना नावं आणि एक्स्टेन्शनं सर्रास बदलली जायची. .मिड म्हणून ठेवलेली फाइल एमएमएफ निघते, .एएमआर म्हणून ठेवलेली थ्रीजीपी निघते. म्हणून फाइल 'एचएक्सडी' सारख्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडा. तो नसेल तर नोटपॅडही चालेल. फक्त पहिली दहाबारा अक्षरं वाचायची आणि काहीही सेव्ह न करता बंद करायचं.

'एम-टी-एच-डी' अशी चार रोमन अक्षरं दिसली तर ती मिडी. 'एम-एम-एम-डी' म्हणजे यामाहाचं एसएमएएफ, म्हणजेच एमएमएफ. हॅश, उद्गारचिन्ह आणि मग एएमआर असं असेल तर एएमआर. त्याच्यापुढे डब्ल्यूबी असेल तर त्याचा रुंद पट्ट्याचा प्रकार. 'रिफ' दिसलं की तिथे थांबू नका, नवव्या अक्षरापासून पुढे बघा. 'वेव्ह' असेल तर साधी वेव्ह फाइल, 'क्यू-एल-सी-एम' असेल तर क्यूसीपी, 'आर-एम-आय-डी' असेल तर रिफच्या वेष्टनातली मिडी. पाचव्या अक्षरापासून 'एफ-टी-वाय-पी' असेल तर थ्रीजीपी किंवा एमपी४ च्या कुळातली. 'एक्स-एम-एफ' आणि अधोरेषा म्हणजे मोबाइल एक्सएमएफ. 'बिगिन' आणि 'आयमेलडी' हे शब्द म्हणजे आयमेलडी. छोटी अक्षरं 'मेलो' म्हणजे जपानी आय-मोड फोनांची एमएलडी, आणि 'सीमिड' म्हणजे क्वालकॉमची पीएमडी. या शेवटच्या दोन आपल्याकडे क्वचितच सापडतात.

फाइल अगदीच लहान, शंभर-दोनशे बाइटची असेल आणि हेक्समध्ये ०२ ४ए ३ए अशी सुरू होत असेल, तर तो एसएमएसवरून आलेला नोकियाचा बायनरी टोन आहे. त्याचं एक्स्टेन्शन .ओटीटी किंवा .ओटीए असतं.

एएमआर आणि क्यूसीपी: खरा आवाज

एएमआर ही मुळात संभाषणासाठी बनवलेली पद्धत. सेकंदाला ८,००० नमुने (म्हणजे आवाजाच्या लहरीची मोजमापं), २० मिलिसेकंदाची एकेक चौकट, आणि ४.७५ ते १२.२ किलोबिट असे आठ दर्जे. ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीही मावत नाही, आणि प्रत्यक्षात साधारण ३,४०० च्या वर फारसं उरत नाही. झांजेचा किणकिणाट, बासरीतली फुंकर, 'स'चा सीत्कार हे सगळं मूळ फाइलीतच नाही. त्यामुळे ३२० किलोबिटचा एमपी३ केला म्हणून आवाज सुधारणार नाही, फक्त फाइल फुगेल.

रूपांतरासाठी ऑडॅसिटी (ध्वनी-संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) सोयीची. ती एएमआर थेट उघडत नाही, तिला आधी एफएफएमपेग या मोफत रूपांतर-साधनाची लायब्ररी द्यावी लागते. 'एडिट', मग 'प्रेफरन्सेस', मग 'लायब्ररीज' इथे 'लोकेट' दाबून ती दाखवायची. तिथे आवृत्तीचा आकडा दिसला की जुळलं. त्यानंतर फाइल नेहमीसारखी उघडते. लायब्ररी मिळत नाही म्हणून 'इम्पोर्ट रॉ डेटा'च्या वाटेला जाऊ नका. तिथे दाबलेला डेटा नमुने समजून वाजवला जातो आणि नुसती खरखर ऐकू येते. फाइल खराब झाली असा गैरसमज त्यातूनच होतो.

फाइली दोनचारच असतील तर व्हीएलसी पुरेसं आहे. 'मीडिया', 'कन्व्हर्ट / सेव्ह', फाइल जोडायची, पुन्हा 'कन्व्हर्ट / सेव्ह', प्रोफाइल 'ऑडिओ – फ्लॅक' (दर्जा न गमावता दाबणारा फॉरमॅट) किंवा 'ऑडिओ – एमपी३', नव्या फाइलीचं नाव, आणि 'स्टार्ट'. नाव देताना एक्स्टेन्शन स्वतः तपासा. जुनंच एक्स्टेन्शन राहिलं तर नवी फाइल कुठली ते नंतर कळत नाही. शेकडो फाइली असतील तर आदेशाच्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) एफएफएमपेग वापरा. रचना साधी आहे: आधी कार्यक्रमाचं नाव, मग उणे चिन्हाला जोडून रोमन लहान 'आय', मग मूळ फाइल, मग नवी फाइल. नव्या फाइलीच्या एक्स्टेन्शनवरून कोणता फॉरमॅट हवा ते त्याला समजतं.

एएमआर उघडतच नसेल तर बहुतेकदा सुरुवातीची ती सहा अक्षरं (हॅश, उद्गारचिन्ह, ए, एम, आर आणि ओळ बदलाचं चिन्ह) गळालेली असतात. बिघडलेल्या कार्डावरून परत मिळवलेल्या फाइलींत असं होतं. हेक्स एडिटरमध्ये बघा: ३सी हा बाइट दर ३२ बाइटांनी पुन्हा येत असेल तर तो १२.२ दर्जाचा एएमआर आहे. अशा फाइलीच्या आरंभी २३ २१ ४१ ४डी ५२ ०ए हे सहा बाइट घातले की ती वाजू लागते. लांबीचा अंदाजही इथूनच येतो. सेकंदाला ५० चौकटी, प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे सेकंदाला १,६०० बाइट. ४८,००० बाइटची फाइल ३० सेकंदांची असायला हवी. रूपांतरानंतर ती ११ सेकंदांतच संपली तर मधली एखादी चौकट बिघडली आहे. तिथपासून पुढच्या ३सी पर्यंतचा भाग काढून पुन्हा प्रयत्न करा.

या जातीच्या फाइली जपायचं खरं कारण वेगळं आहे. जुन्या फोनचं व्हॉइस रेकॉर्डरही एएमआरमध्येच साठवायचं. रिंगटोनच्या त्याच फोल्डरात आजीने म्हटलेली ओवी किंवा बाळाचा पहिला बोबडा शब्द 'साउंड०३' अशा नावाखाली पडलेला असू शकतो. म्हणून काहीही पुसण्याआधी प्रत्येक फाइल ऐका. आणि घरातल्या माणसांचे आवाज कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. वर सांगितलेली सगळी साधनं इंटरनेटशिवाय चालतात.

क्यूसीपी ही सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानाच्या घरची भावंड. आपल्याकडे रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमच्या सीडीएमए फोनांमुळे ती घरोघरी पोचली. नमुने तेच ८,०००, फक्त दाबण्याची पद्धत क्वालकॉमची. एफएफएमपेग ती वाचतं, म्हणून लायब्ररी जोडलेली ऑडॅसिटीही वाचते. बाकी सगळं एएमआरसारखंच.

मिडी: वादक निवडा

मिडी फाइल ५ ते ५० किलोबाइटची असते आणि तिच्यात आवाज नसतो. वाद्यांचे आवाज देणारी वेगळी फाइल लागते, तिला साउंडफॉन्ट म्हणतात. 'जनरलयूजर जीएस' हा सुमारे ३० मेगाबाइटचा साउंडफॉन्ट रिंगटोनसाठी अगदी पुरेसा आहे. 'फ्लुइडआर३' त्याच्या चौपटीहून मोठा, वाद्यं जास्त खरी वाटणारा. पण जुना फोन आठवावा असा आवाज हवा असेल तर मोठ्या साउंडफॉन्टच्या नादी लागू नका. सभागृहातल्या पियानोसारखा घुमणारा टोन ऐकून कुणालाच आपला २००४ चा फोन आठवत नाही. लहान साउंडफॉन्ट घ्या आणि रिव्हर्ब, कोरस हे दोन्ही परिणाम बंद ठेवा. निम्मं काम तिथेच होतं.

विंडोजवर फूबार २००० या प्लेअरला मिडीचा घटक जोडला, 'प्रेफरन्सेस'मध्ये 'प्लेबॅक', 'डीकोडिंग' याखाली साउंडफॉन्ट दाखवला, की फाइलवर उजवी क्लिक करून 'कन्व्हर्ट'ने वेव्ह किंवा फ्लॅक मिळते. लिनक्स आणि मॅकवर फ्लुइडसिंथ हे आदेशाच्या खिडकीतून चालणारं साधन: आधी उणे मोठं 'एफ' आणि नव्या वेव्ह फाइलीचं नाव, मग उणे लहान 'आर' आणि ४४१००, त्यानंतर साउंडफॉन्ट, शेवटी मिडी फाइल. हा क्रम पाळा.

म्यूझस्कोरही मिडी उघडतं आणि एमपी३ काढून देतं, पण इथे एक मेख आहे. ते फाइलीचं आधी नोटेशन करतं आणि सुरांच्या वेळा जवळच्या मात्रेला नेऊन बसवतं. मूळ टोनमधली झोल, मुद्दाम किंचित उशिरा येणारा सूर, सगळं सपाट होतं. त्यामुळे सुरावट वाचायची असेल तर म्यूझस्कोर, ऐकायची असेल तर फ्लुइडसिंथ. ऑडॅसिटीत मिडीचा आवाज बनत नाही, तो प्रयत्न करू नका.

नोकियाच्या बऱ्याच मिडी फाइली एसपी-मिडी प्रकारच्या असतात. एकाच फाइलीत, ४ सूर एकत्र वाजवणाऱ्या फोनवर कोणते चॅनल गप्प राहतील आणि १६ वाजवणाऱ्यावर कोणते जागे होतील, याची सूचना असते. संगणक ती सूचना पाळत नाही, सगळे चॅनल वाजवतो. त्यामुळे रूपांतरित टोन कधीकधी आठवणीपेक्षा भरगच्च लागतो. ते चुकीचं नाही, फक्त तुमच्या फोनने तेवढं कधी वाजवलं नव्हतं. जुना आवाजच हवा असेल तर मिडी एडिटरमध्ये मागचे चॅनल एकेक बंद करून ऐका.

मोबाइल एक्सएमएफमध्ये मिडीबरोबर वाद्यांचे नमुनेही त्याच फाइलीत असतात. ती फ्लुइडसिंथला देऊ नका. अँड्रॉइडमध्ये सोनिव्हॉक्स नावाचा सिंथेसायझर आहे, आणि अँड्रॉइडच्या अधिकृत यादीत मिडी, एक्सएमएफ, आरटीटीटीएल, आरटीएक्स, ओटीए आणि आयमेलडी हे सगळे प्रकार आहेत. म्हणजे घरात पडलेला एखादा अँड्रॉइड फोन हाच तुमचा वादक होऊ शकतो. फाइल फोनच्या साठवणीत टाका, फाइल मॅनेजरमधून वाजवा, आणि अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर स्क्रीन रेकॉर्डरमध्ये 'डिव्हाइस ऑडिओ' निवडून नोंदवून घ्या. मिळालेल्या व्हिडिओतला आवाज ऑडॅसिटी वेगळा करून देते. मात्र त्याआधी मेसेजच्या सूचना बंद करा, नाहीतर त्यांची टिणटिणही टोनमध्ये येते.

एमएमएफ: सगळ्यात अवघड

सॅमसंग, एलजी आणि इतर बऱ्याच फोनांमध्ये यामाहाची चिप असायची. एमए-२ एका वेळी १६ सूर वाजवायची, एमए-३ ४० आणि एमए-५ ६४. ही चिप एफएम पद्धतीने आवाज घडवते, म्हणजे एका लहरीने दुसरी लहर हलवून. त्या टोनांची चकाकी, काचेवर टिचकी मारल्यासारखा नाद, या पद्धतीचा आहे. एमएमएफ फाइल सूर तर सांगतेच, शिवाय वाद्य कसं घडवायचं याच्या सूचनाही स्वतःसोबत आणू शकते.

म्हणूनच 'एमएमएफचं मिडी करून देतो' म्हणणारी साधनं निराशा करतात. सूर येतात, वाद्याच्या सूचना गळतात, आणि खास घडवलेल्या नादाच्या जागी साधा पियानो बसतो. फाइलीत माणसाचा आवाज किंवा ढोलाचा नमुना असेल तर तोही जातो.

आधी फाइलीत काय आहे ते बघा. हेक्स एडिटरमध्ये 'एटीआर' ही तीन मोठी अक्षरं शोधा, मग 'एमटीआर' शोधा. फक्त एटीआर असेल तर आत दाबलेलं ध्वनिमुद्रण आहे. ते एफएफएमपेग थेट उलगडतं आणि काम एका मिनिटात संपतं. एमटीआर असेल तर आत स्वरलिपी आहे आणि एफएफएमपेग मिडीसारखा भाग सापडल्याचं सांगून नकार देतं. तो बिघाड नाही, त्याला ते काम येत नाही इतकंच.

एमटीआरवाल्या फाइलीसाठी चिपची नक्कल करणारा प्लेअर लागतो. यामाहाचाच 'मिडरेडिओ प्लेअर' हे जुनं विंडोज सॉफ्टवेअर एसएमएएफ वाजवतं. ते फाइल काढून देत नाही, वाजवतं फक्त. म्हणून वाजत असतानाच नोंदवायचं:

१. संगणकातल्या बाकी सगळ्या आवाजांना गप्प करा. प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवा. विंडोजमधले 'एन्हान्समेंट्स' बंद करा, नाहीतर खालचे सूर फुगवून नोंदले जातात.

२. ऑडॅसिटीच्या 'ऑडिओ सेटअप'मध्ये 'होस्ट' म्हणून 'विंडोज डब्ल्यूएएसएपीआय' निवडा आणि रेकॉर्डिंगसाठी ज्याच्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलं आहे ते साधन. इथे मायक्रोफोन निवडला तर खोलीतला पंखाही टोनमध्ये येतो.

३. दर ४८,००० किंवा ४४,१००, जो विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये असेल तोच ठेवा. दोन्हीकडे वेगवेगळे असले की मध्ये विनाकारण एक रूपांतर होतं.

४. आधी रेकॉर्ड दाबा, मग टोन सुरू करा. काहीच वाजत नसताना ही नोंद पुढे सरकत नाही. पट्टी थिजलेली दिसली म्हणून घाबरू नका, आवाज सुरू झाला की ती धावू लागते. पण याचमुळे टोनच्या मधली पूर्ण शांतता आखूड नोंदली जाण्याचा धोका असतो. लांबी प्लेअरमधल्या वेळेशी ताडून बघा.

५. टोन दोनदा वाजू द्या. पहिल्या फेरीच्या सुरुवातीला कधीकधी पहिला सूर अर्धा कापला जातो. दुसऱ्या फेरीतला अखंड मिळतो.

मॅकवर हेच काम 'ब्लॅकहोल' हे आभासी साधन करतं, लिनक्सवर आउटपुटचा 'मॉनिटर' निवडला की झालं.

आरटीटीटीएल आणि आयमेलडी: अक्षरांत लिहिलेले सूर

एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या फोनांचे हे टोन. इथे फाइल हरवली असली तरी वहीत लिहिलेलं चालतं, कारण सगळं अक्षरांतच आहे. आणि सगळ्यात अचूक रूपांतर होतं ते याच जातीचं.

नोकियाचं आरटीटीटीएल विसर्गचिन्हांनी तीन भागांत तोडलेलं असतं: नाव, ठरीव मूल्यं, सूर. उदाहरणार्थ, नाव 'चाचणी', मग 'डी=४, ओ=५, बी=१२०', मग 'सी, डी, ई, ८एफ, ८जी, २ए, पी'. (फाइलीत अर्थातच रोमन अक्षरं असतात.) मधल्या भागातला डी म्हणजे लांबी, ओ म्हणजे सप्तक, बी म्हणजे मिनिटाला किती पाव-सूर. तिसऱ्या भागात मात्र डी आणि बी हे सूर आहेत. हा घोळ पहिल्यांदा वाचणाऱ्याला हमखास होतो.

हिशेब सोपा आहे. ६०,००० भागिले बी, म्हणजे पाव-सुराची लांबी मिलिसेकंदांत. १२० ला ५००. आकडा नसलेला सूर ठरीव ४ चा, म्हणून ५००. ८ चा २५०, २ चा १,०००. टिंब असेल तर दीडपट, म्हणजे टिंबवाला ८ चा सूर ३७५. पी म्हणजे विराम. वरचा टोन ५०० चे तीन, २५० चे दोन, १,००० चा एक आणि ५०० चा विराम मिळून ३,५०० मिलिसेकंदांचा झाला. रूपांतरित फाइल साडेतीन सेकंदांची नसेल तर कन्व्हर्टर कुठेतरी चुकला. मधल्या भागात काही लिहिलंच नसेल तर लांबी ४, सप्तक ६ आणि वेग ६३ धरायचा.

सप्तकात सगळ्यात जास्त चुका होतात. आरटीटीटीएलच्या व्याख्येत चौथ्या सप्तकातला ए ४४० हर्ट्झ, पाचव्यातला ८८०, सहाव्यातला १,७६०, सातव्यातला ३,५२०. काही कन्व्हर्टर एक सप्तक खाली धरतात आणि तीक्ष्ण टोन बोजड होतो. मिडीत ४४० चा ए म्हणजे ६९ क्रमांक, तेवढा एक सूर तपासला की खात्री पटते. आणखी दोन खोडी: काही फाइलींत बी ऐवजी जर्मन पद्धतीने एच लिहिलेला असतो, आणि टिंब कुणी सप्तकाच्या आधी देतं, कुणी नंतर. अडाणी कन्व्हर्टर अशा ठिकाणी सूर गाळून पुढे जातात.

फोनवरच्या कंपोझरमधून उतरवलेल्या सुरांत हॅश सुराच्या आधी येतो, आरटीटीटीएलमध्ये नंतर. विराम तिथे उणे चिन्ह, इथे पी. सप्तकं तिथे १, २, ३. त्यांना लागोपाठची तीन सप्तकं द्या आणि कानाला जे पटेल ते ठेवा.

आयमेलडी सोनी एरिक्सन आणि सीमेन्सच्या फोनांत असायचं. त्यात लांबीचा आकडा सुराच्या मागे येतो आणि अर्थही वेगळा: ० पूर्ण, १ अर्धा, २ पाव, ३ आठवा, ४ सोळावा, ५ बत्तिसावा. सप्तक तारकेने सांगतात. न सांगितल्यास चौथं, ज्यातला ए ८८० हर्ट्झचा, म्हणजे आरटीटीटीएलच्या पाचव्याशी जुळणारा. मध्ये व्हायबऑन, लेडऑन, बॅकऑफ असे शब्द दिसतात. ते कंप, दिवा आणि पडद्याच्या उजेडाच्या सूचना आहेत, सुरांच्या हिशेबात येत नाहीत. कंसात टाकलेल्या सुरांनंतर ॲट चिन्ह आणि शून्य असेल तर तो भाग अखंड फिरवायचा असतो. अशा फाइलीवर कन्व्हर्टर लटकतो. शून्याच्या जागी २ करा.

रूपांतरासाठी 'कोडिंग वर्कशॉप रिंगटोन कन्व्हर्टर' हे जुनं विंडोज सॉफ्टवेअर या दोन्ही प्रकारांना मिडीत नेतं. पुढे मिडीची कृती. पण वादक म्हणून पियानो निवडू नका. या फोनांत बझर होता आणि त्याचा आवाज चौकोनी लहरीच्या जवळचा. जनरल मिडीत ८१ क्रमांकाचं वाद्य 'लीड १, स्क्वेअर' हेच आहे. काही साधनं शून्यापासून मोजतात, तिथे ते ८०.

टोन वीसतीस सुरांचाच असेल तर ऑडॅसिटीत हाताने घडवणं जास्त समाधानाचं. 'जनरेट', 'टोन', लहर 'स्क्वेअर, नो एलियास', ॲम्प्लिट्यूड ०.३. पाचव्या सप्तकाचे आकडे: सी ५२३.२५, डी ५८७.३३, ई ६५९.२६, एफ ६९८.४६, जी ७८३.९९, ए ८८०, बी ९८७.७७. सप्तक चढलं की दुप्पट, उतरलं की निम्मं. नुसती 'स्क्वेअर' लहर निवडली तर वरच्या सुरांत बेसूर भुतं ऐकू येतात, म्हणून 'नो एलियास'.

सूर एकमेकांना चिकटवू नका. एकच सूर लागोपाठ दोनदा असेल तर तो एकच लांब सूर होऊन बसतो. आयमेलडीच्या साध्या शैलीत वीस भाग सूर आणि एक भाग विराम असं प्रमाण आहे. तेच इथेही शोभतं. ५०० मिलिसेकंदांत ४७६ सूर, २४ विराम.

कापणं, आवाज, शेवटची फाइल

आता सगळ्या जाती एकाच रूपात, ऑडॅसिटीत उघडलेल्या आहेत. मागची-पुढची शांतता कापा. कापताना 'झेड' कळ दाबली की निवड शून्यावर येऊन बसते, नाहीतर दर फेरीला टक् असा आवाज येतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, ते नुसते फरफरतात. म्हणून 'हाय-पास फिल्टर' १५० हर्ट्झला लावा. मग 'नॉर्मलाइझ' उणे १ डेसिबलला. उणे ० करू नका, पुढच्या रूपांतरात टोकं छाटली जातात.

जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्ये काढा. तीही फिल्टर लावण्याआधीची. एएमआरची फ्लॅक प्रत मोनो आणि ८,००० वरच राहू द्या. वाजवण्याच्या प्रतीसाठी मात्र दर ४४,१०० करा. ८,००० वर एमपी३ काढता येतो, पण गाडीतले आणि जुने प्लेअर त्याला कधीकधी नाकारतात.

अँड्रॉइडसाठी ऑग व्हॉर्बिस हा फॉरमॅट घ्या. एमपी३ च्या सुरुवातीला घडणीमुळेच सुमारे १,१०५ नमुन्यांची पोकळी येते, ४४,१०० वर ती २५ मिलिसेकंद. गाणं ऐकताना ती जाणवत नाही, पण फिरत राहणाऱ्या रिंगटोनमध्ये दर फेरीला ठेच लागते. ऑगमध्ये ती नाही. एक्स्पोर्ट करताना मेटाडेटात 'अँड्रॉइड', अधोरेषा, 'लूप' अशी एक ओळ रोमन मोठ्या अक्षरांत घालून तिची किंमत 'ट्रू' ठेवली, तर टोन अखंड फिरतो. फाइल फोनमधल्या 'रिंगटोन्स' फोल्डरात टाका. यादीत दिसली नाही तर फोन एकदा बंद-चालू करा.

आयफोनसाठी एएसी दाबणीची .एमफोरए काढायची आणि तिचं नाव .एमफोरआर करायचं. आतला आवाज तोच राहतो, बदलतं ते फक्त एक्स्टेन्शन. लांबी ३० सेकंदांच्या आत ठेवा. फोनवरच करायचं तर गॅरेजबँडमध्ये फाइल घेऊन 'शेअर'मधून 'रिंगटोन' निवडा.

मूळ फाइल, फ्लॅक प्रत आणि वाजवण्याची प्रत एकाच नावाने एका फोल्डरात ठेवा आणि सोबत एका मजकूर फाइलीत लिहा: कोणत्या फोनमधून आली, कोणत्या साउंडफॉन्टने किंवा प्लेअरने वाजवली, सप्तक बदललं का. जुना फोन अजून चालू होत असेल तर शेवटी तो शेजारी ठेवून दोन्ही एकापाठोपाठ वाजवा. वेग आणि पट्टी जुळली आहे का ते तेवढ्यात कळतं, आणि जुळली नसेल तर त्या मजकूर फाइलीतल्या कुठल्या ओळीकडे परत जायचं तेही.